नागिणीनंतरची आग आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहते. बारावी सायन्स झाली, नीटमध्ये गुण कमी पडले. दीड वर्षापूर्वी बाबांना नागीण झाली. फोड गेले, आग राहिली. शर्टाची बाही लागली तरी कळवळतात. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." बाबांना वाटलं, आपल्याला ढोंगी ठरवलं. ताणाचा नसांशी खरंच संबंध असतो का, हे मला शोधायचंय. आई म्हणते, पुन्हा नीट दे.

उत्तर : आधी बाबांना सांग, त्यांना कुणी ढोंगी म्हटलेलं नाही. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते पेशीत शिरून आतल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. मग दोघं मिळून केंद्रकात जातात आणि कुठल्या जनुकानं किती काम करायचं ते बदलतात. मज्जारज्जूत जिथून वेदनेचा निरोप मेंदूकडे जातो, तिथंही हे रिसेप्टर असतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या पायाची नस सैल दोऱ्यानं बांधली, तेव्हा त्याच जागी हे रिसेप्टर वाढलेले दिसले. ते अडवणारं औषध दिल्यावर वेदनेची लक्षणं कमी झाली.

मला हा विषय फार मोलाचा वाटतो तो पुढच्या पेचामुळे. सूज उतरवायला देतात ती स्टेरॉइड्स याच रिसेप्टरवर काम करतात आणि कित्येकदा दुखणं हलकं करतात. एकीकडे शमवणारा रिसेप्टर दुसरीकडे भडका का उडवतो? कुठल्या पेशीत, किती काळ? यावर काम करायला माणसं हवी आहेत. (बाबांच्या गोळ्यांत मात्र यावरून काहीही बदलू नका. उंदरांवर दिसलं ते माणसाचं औषध होत नाही.)

आईंचं म्हणणं चुकीचं नाही. एमबीबीएसनंतर फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात या विषयात, एमडी करूनही इथं पोचता येतं. पण तुझ्या पत्रात रुग्ण तपासण्याची ओढ कुठंच दिसली नाही, 'शोधायचंय' हा शब्द दिसला. म्हणून फक्त नीटसाठी वर्ष घालवू नकोस.

पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. तिथला बीएस-एमएस पाच वर्षांचा, प्रवेश आयएटी या वेगळ्या परीक्षेतून. दुसरी वाट बी.फार्म.ची, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीची : एमएचटी-सीईटी, चार वर्षं, पुढे जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत एम.फार्म. आणि मग पीएच.डी. बी.फार्म. नाशकातच होतं. बाबांची तब्येत पाहता मी तुला हीच वाट सुचवेन. नाशकातल्याच आरवायके किंवा केटीएचएम कॉलेजमधून बी.एस्सी. करूनही पुढे जाता येतं, फक्त एम.एस्सी.ला चांगली संस्था गाठावी लागेल.

एक गोष्ट आजच स्वतःला विचार. नसांच्या वेदनेवरचं बरंचसं काम जिवंत उंदरांवर होतं. त्याला समितीची परवानगी लागते, कडक नियम असतात, तरी त्या जिवाला दुखतंच. हे तुझ्या हातून होईल का? उत्तर 'नाही' आलं तरी विषय सोडायला नको, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि रुग्णांच्या नोंदींवर काम करणारेही आहेत. पण हे कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी कळलेलं बरं.