शतपावली अंगवळणी कधी पडणार?

प्रश्न : एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. रात्री जेवून शतपावली सुरू केली, महिना उलटला, तरी स्वतःला ढकलावंच लागतं. मध्ये पाहुण्यांमुळे खाडाही झाला. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तो एकवीसचा आकडा सोडा हो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक प्रसंगी, म्हणजे नाश्ता झाल्यावर वगैरे, एकच नवी गोष्ट करायला सांगितली. १२ आठवडे नोंदी ठेवल्या. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. एखाद्या खाड्याने मात्र फारसं बिघडलं नाही. घड्याळ बघून निघू नका. ओटा पुसला की लगेच चपला! पाहुणे असतील तर त्यांनाही न्या.