नेपोलियन ‘महामानव’ की ‘अतिमानव’?

प्रश्न असा: जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे नेपोलियनला आदर्श महापुरुष मानायचा. मग त्याच्या ‘यूबरमेन्श’ला मराठीत महामानव म्हणावं की अतिमानव? आणि ‘नेपोलियन हा नीत्शेचा अतिमानव होता’ हे वाक्य बरोबर आहे का?

शब्द ‘अतिमानव’च घ्यावा. ‘यूबर’ म्हणजे वरचा, पलीकडचा. आपल्या ‘अति’चा मूळ अर्थ तोच, ‘अतींद्रिय’ आणि ‘अतिक्रमण’मध्ये तो शिल्लक आहे. घोटाळा होतो तो बोलीतल्या ‘अति’मुळे. अतिशहाणा, अति तिथे माती, हे कानात बसलेलं असल्यामुळे अतिमानव म्हणजे जरा जास्तच झालेला माणूस वाटतो. म्हणून पहिल्या वापराच्या वेळी ‘मानवापलीकडचा’ एवढा खुलासा जोडावा. ‘मेन्श’ म्हणजे माणूस, स्त्री-पुरुष दोन्ही, तेव्हा महापुरुष, अतिपुरुष बाद. ‘सुपरमॅन’ म्हटलं की केप फडकवत उडणारा गडी डोळ्यांपुढे येतो. मुद्रितं तपासताना आणखी एक पाहावं: ‘अतिमानस’ ही श्रीअरविंदांची संज्ञा. एका अक्षराच्या चुकीने तत्त्वज्ञ बदलतो.

‘महामानव’ का नको? ‘महा’ने आकार वाढतो, जात बदलत नाही, महासागर हा सागरच. शिवाय मराठीत हा शब्द आता बाबासाहेब आंबेडकरांचा झाला आहे; 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरचे फलक आठवा. त्यात नीत्शेने ‘अँटिक्राइस्ट’ या पुस्तकात मनुस्मृतीची वाखाणणी केली आहे आणि बाबासाहेबांनी नीत्शे आणि मनू यांच्या नात्यावर नेमकं बोट ठेवलंय. तोच शब्द नीत्शेच्या कल्पनेला चिकटवणं म्हणजे वाचकाच्या डोक्यात नाहक गुंता.

महापुरुष कोणाला म्हणावं याची बाबासाहेबांची कसोटीही वेगळी होती. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी ती मांडली: प्रामाणिकपणा आणि बुद्धी हवीच, पण त्यामागे सामाजिक हेतूची प्रेरणा हवी.

आता वाक्याकडे. नेपोलियनविषयीचं ते प्रसिद्ध विधान नीत्शेच्या 1887च्या ‘झुर गेनेआलोगी डेर मोराल’ (नीतीच्या वंशावळीविषयी) या ग्रंथात, पहिल्या निबंधाच्या 16व्या कलमात आहे. तिथे नीत्शे नेपोलियनला ‘उनमेन्श’ आणि ‘यूबरमेन्श’ यांची सिंथेसिस म्हणतो. लोक दुसरा शब्द उचलतात आणि पहिला गाळतात. ‘उनमेन्श’ म्हणजे माणुसकी नसलेला, आपल्या बातम्यांतला ‘नराधम’. म्हणून कोणाला ‘नराधम आणि नरोत्तम’ सुचेल. जोडी कानाला झकास, पण नरोत्तम हा नरांमधलाच उत्तम, पलीकडचा नव्हे. जर्मनमध्ये ‘मेन्श’ दोन्हीकडे कायम राहून फक्त पुढचा उपसर्ग बदलतो. मराठीत ते साधतं असं: ‘अमानुष आणि अतिमानुष यांचा संयोग’. या एका वाक्यापुरता ‘मानव’ सोडून ‘मानुष’ घेतला, कारण ‘अमानव’ मराठीत रुळलेला नाही, ‘अमानुष’ मात्र रोजचा आहे. सिंथेसिसला ‘संगम’ नको, त्याला तीर्थाचं पावित्र्य चिकटतं. ‘समन्वय’ला तर समितीचा वास येतो.

नीत्शेच्याच ‘झरथुष्ट्र’ या पुस्तकात तर अतिमानव अजून कधी झालाच नाही, असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘नीत्शेला नेपोलियनमध्ये अमानुष आणि अतिमानुष एकत्र दिसले.’