लिथियम चालू असताना वणीला पायी जावं का?

प्रश्न: भावाला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) आहे, त्यावर लिथियम चालू आहे. चैत्रात नाशिकहून पायी वणीच्या सप्तशृंगी गडावर जायचंय. तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवाव्यात का?

गोळ्या अजिबात बंद करू नका. लिथियम अचानक थांबवलं की मॅनिया (मूड आणि उत्साह बेसुमार चढणं) उसळण्याचा धोका वाढतो.

खरी अडचण उन्हाची आहे. घामाने पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातली पातळी चढते. त्यामुळे अळणी उपवास नको; पाणी, ओआरएस घोट घोट चालू ठेवा. पाय दुखले म्हणून वाटेत कुणी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देईल, तेही पातळी चढवतं. पॅरासिटामॉल चालेल. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलट्या, झोक जाणं, बोलणं जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस न देता थेट दवाखाना गाठा.

निघण्याआधी लिथियमची पातळी तपासा, शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. साधारण 0.6 ते 1.0 mmol/L ठीक. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइडही बघून घ्या.

ऊन टाळायला दिंड्या रात्री चालतात, पण जागरणानेच मॅनिया सुरू होऊ शकतो. थेरपिस्ट झोपेची वेळ आणि मूड रोज लिहायला सांगतात ते यासाठीच. दोन रात्री कमी झोपूनही तरतरी वाटतेय, बडबड वाढलीय? डॉक्टरांना फोन करा. माझं मत विचाराल तर एसटीने जा.