शुक्रवारपर्यंत सही करायची आहे

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा गणितात पदवीधर झाली. कॉम्प्युटरकडे वळ म्हणून वडिलांनी दोन वर्षं मागे लागून पाहिलं, पण तिला शाळेत शिकवायचंच आहे. नूअर्कच्या एका चार्टर शाळेने सातवीच्या गणितासाठी ऑफर दिली आहे आणि शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे. त्यांच्याच टाउनच्या मिडल स्कूलमध्येही जागा आहे, पण ती बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या बाईंची, जानेवारीपर्यंतची. "माझे दीर म्हणतात, चार्टर म्हणजे सरकारी शाळा गिळायला निघालेलं खासगीकरण, आपल्या मुलीने त्यात पडू नये. मुलगी म्हणते, काकांना काही माहीत नाही. मी साताऱ्याला शिकले, मला तर हा प्रकारच कळत नाही. तुम्ही सांगा."

ताई,

आधी वडिलांचा मुद्दा, कारण तो लवकर संपतो. न्यू जर्सीत शिक्षकाचा पगार कॉम्प्युटरवाल्याइतका नसतो, पण पोट भरतं आणि पेन्शन असते. शिवाय गणिताचा शिक्षक या देशात रिकामा बसलेला मी अजून पाहिला नाही. दोन वर्षं बापाच्या आग्रहाला जी बधली नाही, तिला आता वळवू नका.

चार्टर म्हणजे काय, हे तुम्हाला समजावणं सोपं आहे, कारण तुम्ही सातारच्या. रयत शिक्षण संस्थेची शाळा आठवा. शाळा संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा, आणि १९७७ च्या कायद्यामुळे संस्थेला कायम झालेल्या शिक्षकाला मनात आलं म्हणून घरी बसवता येत नाही. चार्टरमध्येही पैसा सरकारी आणि कारभार संस्थेचा. फी नाही, प्रवेश सोडतीने. फरक दोन. पैसा मुलांच्या डोक्यांवर मिळतो: न्यू जर्सीत मूल टाउनची शाळा सोडून चार्टरमध्ये गेलं की त्याच्यावरच्या ठरावीक खर्चाचा ९० टक्के वाटा डिस्ट्रिक्टने, म्हणजे टाउनच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, चार्टरला द्यायचा. आणि शिक्षकाचा करार बहुधा वर्षावर्षाचा असतो. तुमच्या दिरांचा सगळा राग या दोन फरकांवर आहे. तो अगदीच बिनबुडाचा नाही. तीस मुलं गेली म्हणून डिस्ट्रिक्टच्या इमारतीचं हीटिंग कमी होत नाही, पैसा मात्र कमी होतो.

पण त्यांना एक गंमत सांगा. चार्टरची कल्पना १९८८ मध्ये देशभर पोचवली ती अल्बर्ट शँकर यांनी, म्हणजे शिक्षकांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय संघटनांपैकी एकीच्या अध्यक्षांनी! त्यांचं म्हणणं असं की काही शिक्षकांना एकत्र येऊन नव्या पद्धती करून बघू द्या, जमलं तर बाकीच्या शाळा उचलतील. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, पुढच्या वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. तोवर कल्पनेची दिशा पालटू लागली होती. शिक्षकांना मोकळीक देण्यासाठी निघालेली गोष्ट शाळाशाळांची स्पर्धा लावण्याचं साधन झाली, आणि शँकर स्वतःच तिच्यावर टीका करू लागले. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी चाचणी सक्तीची केली. मग शाळा चांगली की वाईट हे गुणांवरून, शिक्षक चांगला की वाईट हेही गुणांवरून. गेली वीस-बावीस वर्षं चाललेलं भांडण मुळात इथलं आहे. चार्टर हे त्यातलं फक्त ठळक नाव.

मग चार्टर चांगल्या की वाईट? स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये पाहिलं तेव्हा १७ टक्के चार्टर आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के उण्या, उरलेल्यांत फरक दिसला नाही. त्यांच्याच २०२३ च्या अहवालात सरासरी चार्टरच्या बाजूने झुकली आहे, पण ऑनलाइन चार्टरचा निकाल वाईटच. मी यातून एवढंच घेते की ‘चार्टर’ ही पाटी वाचून आत काय चाललंय ते कळत नाही. सरकारी शाळेचंही तेच.

नूअर्कचं सांगायलाच हवं, कारण तुमची लेक तिथेच जायला निघाली आहे. २०१० मध्ये मार्क झुकरबर्गने नूअर्कच्या शाळांसाठी दहा कोटी डॉलर देतो म्हणून ओप्राच्या कार्यक्रमात जाहीर केलं. शेजारी महापौर कोरी बुकर आणि गव्हर्नर क्रिस क्रिस्टी. पालकांना टीव्हीवर कळलं. इतर देणगीदारांनी तितकेच पैसे घातले. त्यातले दोन कोटींहून जास्त सल्लागारांकडे गेले. शिक्षकांच्या २०१२ च्या करारात थकबाकीपोटी तीन कोटींच्या वर गेले, त्या बदल्यात कामगिरीवर बोनस आला. शाळा बंद झाल्या, चार्टर वाढल्या, लोक रस्त्यावर आले. पुढे हार्वर्डच्या अभ्यासात इंग्रजीत मुलांची प्रगती सुधारलेली दिसली, गणितात लक्षणीय फरक नाही. या गावात आज चार्टरचं नाव काढलं की निम्मी माणसं आभार मानतात आणि निम्मी तोंड फिरवतात, ती यामुळे. तुमची मुलगी तिथे ‘मुलांचं भलं करायला’ जाणार असेल, तर हा इतिहास माहीत करून जावी. मुलांच्या आज्यांना तो पाठ आहे.

आता माझं. मी दोन वर्षं चार्टरमध्ये शिकवलं आणि सात वर्षं डिस्ट्रिक्टमध्ये. चार्टरमध्ये माझ्या वर्गात दर मंगळवारी एक बाई येऊन दहा मिनिटं मागे बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तू प्रश्न विचारतेस आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतेस. उद्या मनात पाच मोज." मोजले. चौथ्या सेकंदाला मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलाने हात वर केला. शिकवणं मी त्या आठवड्यात शिकले. आणि त्याच शाळेत मुलं वर्गातून वर्गात जाताना फरशीच्या एका रेषेवरून, तोंड मिटून, ओळीने जायची. रेषा सोडली की गुण कापायचे, आणि कापणारी मी. रात्री नऊपर्यंत पालकांचे फोन. माझ्याबरोबर लागलेल्या आठांपैकी पाच जण दुसऱ्या जूनपर्यंत गेले होते, त्यातल्या एकीला एका ओळीच्या ईमेलवर काढलं. डिस्ट्रिक्टमध्ये टेन्युअर, म्हणजे नोकरीची कायमी, मिळालं, संघटना पाठीशी आली, सव्वातीनला घरी. पण वर्गात बघायला येणारे साहेब वर्षातून तीनदा यायचे, लॅपटॉपवर टाइप करत बसायचे आणि फळ्याकडे एकदाही बघायचे नाहीत. मला शेरा मिळायचा, ‘प्रभावी’. कशात, ते सात वर्षांत कळलं नाही.

(रेषेवरून चालवण्याचा कडकपणा आता बऱ्याच ठिकाणी सैल झाला आहे. किप या चार्टर शाळांच्या मोठ्या साखळीने तर २०२० मध्ये ‘कष्ट करा, चांगलं वागा’ या अर्थाचं आपलं जुनं ब्रीदच सोडून दिलं.)

माझं मत नूअर्ककडे झुकतं, पण चार्टर म्हणून नाही. पहिल्या वर्षी शिक्षकाला सप्टेंबरपासून स्वतःचा वर्ग लागतो. पहिल्या दिवशी वर्ग तिने लावायचा, बिघडवायचा आणि जूनपर्यंत निस्तरायचा. टाउनमध्ये ती वर्ग लावेल आणि रुळला की जानेवारीत दुसरीच्या हाती देऊन बाहेर पडेल. शिवाय रजेच्या जागेवरचे महिने टेन्युअरच्या चार वर्षांत सहसा धरले जात नाहीत. पेन्शनची काळजी करू नका, न्यू जर्सीत चार्टरचे प्रमाणपत्रधारक शिक्षक राज्याच्या त्याच फंडात असतात. तिच्याकडे ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ (शिक्षकी प्रशिक्षण पुरं होण्याआधी मिळणारा परवाना) असेल, तर पहिल्या वर्षी मेंटर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, देणं शाळेवर बंधनकारक आहे. तो मेंटर कोण, हे नावानिशी विचारायचं. ‘देऊ कोणीतरी’ असं उत्तर आलं तर मी सही करणार नाही. कॉलेजसाठी केंद्र सरकारचं कर्ज घेतलेलं असेल तर कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवल्यावर हायस्कूलच्या गणित शिक्षकाला १७,५०० डॉलरपर्यंत माफी मिळते, चार्टरलाही ती लागू आहे. मात्र सातवी त्या व्याख्येत बसते का, हे शाळेकडून लेखी घ्या. नाही बसली तर माफी ५,००० वर येते.

आणि दिरांना सांगा, चार्टरमध्ये गेली म्हणजे संघटनेची शत्रू झाली असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये शिकागोच्या असेरो शाळांच्या शिक्षकांनी संप केला, चार्टर शिक्षकांचा देशातला पहिला. चार दिवसांत करार पदरात पाडून घेतला.

सहीआधी तिने एक दिवस शाळेत जाऊन बसावं. मुख्याध्यापकांशी कमी बोलावं, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा शिक्षक गाठून त्याच्याशी जास्त. असा शिक्षकच सापडला नाही, तर तेही कळलंच. ही जागा रिकामी का झाली, आधीच्या बाई कुठे गेल्या, हे विचारावं. दिवसातून मोकळे तास किती? स्पेशल एज्युकेशनची मुलं वर्गात असतील तर दुसरा शिक्षक सोबत असतो का? वर्षभरात किती मुलांना शिक्षा म्हणून घरी पाठवलं? करार घरी आणून वाचावा, मधल्या काळात काढण्याचं कलम कुठे आहे ते बघावं. आणि संध्याकाळी साडेपाचला पार्किंगमध्ये किती गाड्या उभ्या आहेत त्या मोजाव्यात.

शुक्रवार जवळ आहे, म्हणून उद्याच फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागायला सांगा. फोन तिने करावा, तुम्ही नाही. शाळा बघून आली की मला पत्रही तिनेच लिहावं. गाड्यांचा आकडा त्यात हवा.