जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत एसी बसवताय?
कॉम्प्रेसर नंतर घ्या, आधी रेडिएटर साफ करून घ्या. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. त्यातले चार-पाच हॉर्सपॉवर एसीच खातो. शिवाय कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पुढे आला की रेडिएटरला गरम हवा मिळते, म्हणून रिलेवर (जास्त करंट झेलणारा स्विच) वेगळा इलेक्ट्रिक पंखा हवाच. बॅटरी चार्ज करायला जुना डायनमो असेल तर काढून अल्टरनेटर लावा. आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) डायनमो जवळपास चार्जच करत नाही. पुल्या एका रेषेत हव्यात, जरा तिरक्या राहिल्या तरी बेल्ट ओरडतो आणि झिजतो. ड्रायर (एसीच्या गॅसमधली ओल शोषणारा डबा) नवाच घ्या, त्याची बुचं शेवटच्या क्षणी काढा, नाहीतर तो ओल धरतो. एसीच्या पाइपांतली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप बंद केल्यावर अर्धा तास गेजचा काटा बघा. हलला, तर कुठेतरी गळती आहे, आर-134ए (एसीचा गॅस) भरूच देऊ नका. आयडल-अप (एसी चालू झाला की आयडल वाढवणारी जोडणी) बसवायला मेकॅनिक कंटाळतात. त्याशिवाय गाडी सिग्नलला बंद पडणार.