‘शाश्वत’ कपडे की ‘टिकाऊ’ कपडे?

अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: “‘सस्टेनेबल’ला मराठीत ‘शाश्वत’ म्हणावं की ‘टिकाऊ’? आणि ‘कपडे उत्पादक शाश्वत व्यवसायपद्धती का स्वीकारतात’ हे शीर्षक बरोबर आहे का?”

शीर्षक चूक नाही, पण विषय कपड्यांचा असल्यामुळे इथे जपून लिहायला हवं. ‘टिकाऊ कापड’ म्हणजे लवकर न फाटणारं, न विटणारं कापड. हा अर्थ इतका रुळला आहे की ‘टिकाऊ कपडे’ वाचताच वीण आणि शिलाईच डोळ्यांपुढे येते. कापड कसं तयार झालं, रंगाईचं सांडपाणी कुठे गेलं, हे त्या शब्दातून कळत नाही.

‘शाश्वत’चं मूळ संस्कृत ‘शश्वत्’, म्हणजे सदैव. गीतेत हे विशेषण आत्म्याला लावलं आहे, त्यामुळे ‘शाश्वत सदरा’ कानाला खटकतोच. अर्थानेही घोटाळा होतो. कधीही न संपणारं म्हटलं तर सर्वांत आधी पॉलिएस्टरचा नंबर लागेल, कारण ते वर्षानुवर्षं कुजत नाही. आणि ते पर्यावरणाला जड जातं ते नेमकं त्यामुळेच. म्हणून माझा आग्रह असा, की ‘शाश्वत’ हे विशेषण पद्धतीला, उत्पादनाला किंवा विकासाला लावावं, वस्तूला नाही. ‘शाश्वत कपडे उत्पादन’ असंही लिहू नये. त्यात शाश्वत काय, कपडे की उत्पादन, ते ठरत नाही. ‘कपड्यांचं शाश्वत उत्पादन’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘सस्टेनेबल’ या कल्पनेचा उगम जंगलात आहे. आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या खाणींचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली मांडलं, की जेवढं लाकूड पुन्हा वाढेल तेवढंच तोडावं. धातू गाळायच्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं, म्हणजे खाणींच्याच अस्तित्वाचा प्रश्न होता. हा भाव मराठीत नेमका पकडणारा शब्द मला ‘टिकाव’ वाटतो. आपण म्हणतोच, ‘अशानं धंद्याचा टिकाव लागणार नाही.’ ‘टिकाऊ’चाच हा भाऊ, पण तो वस्तूबद्दल नाही, चालत राहण्याबद्दल बोलतो. मजकुरात एकदा तरी ‘ज्यांनी उद्योगाचा आणि निसर्गाचा, दोघांचाही टिकाव लागेल अशा पद्धती’ असं उलगडून लिहा. वाचकाला ‘शाश्वत’ आपोआप समजेल.

‘पर्यावरणपूरक’ हा सोपा पर्याय वाटतो, पण तो अपुरा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून तिथल्या शिलाई कारखान्यांतले अकराशेहून अधिक लोक मेले. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशीच दिसलं होतं, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. अशा ठिकाणी शिवलेला कपडा सेंद्रिय कापसाचा असता, तरी त्या व्यवसायाला शाश्वत म्हणता आलं नसतं. माणसांचा जीव आणि मजुरी ‘पर्यावरणपूरक’मध्ये मावत नाहीत.

आता क्रियापद. शीर्षकातला ‘का’ त्यावरच तोललेला आहे. ‘स्वीकारणे’मध्ये समोरून आलेलं पत्करणं आहे, ‘अंगीकारणे’मध्ये मनापासून आपलंसं करणं. उत्पादकांची कारणं दोन्ही तऱ्हांची असतात. युरोपीय संघाच्या २०२४च्या नियमाने मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करायला २०२६पासून बंदी केली. खरेदीदार ब्रँडही कारखान्यांना तपासणीच्या अटी घालतात. हे स्वीकारणं झालं. दुसरीकडे रंगाईत कापडाच्या वजनाच्या किती पट पाणी घ्यायचं, हे प्रमाण कमी केलं की तापवायचं पाणी घटतं, इंधन वाचतं, मीठ आणि रसायनं कमी लागतात, सांडपाणी शुद्ध करायचा खर्चही उतरतो. हे गणित पटल्यावर कारखानदार ती पद्धत अंगीकारतो, तिथे कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

एकाच शीर्षकात दोन्ही कारणं सामावायची असतील तर मी ‘वळणे’ वापरेन, कारण त्यात सक्तीही गृहीत नाही आणि हौसही: ‘कपडे उत्पादक शाश्वत पद्धतींकडे का वळतात?’