सासऱ्यांना सिव्हिअर ऑर्टिक स्टेनोसिस आहे. छाती उघडून झडप बदलावी की मांडीतून ‘टावी’ करावी?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं वय 74, टूडी इकोत ‘सिव्हिअर एएस’ (ऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप कॅल्शियम साचून खूप अरुंद होणं) आलंय, एक डॉक्टर छाती उघडून झडप बदला म्हणतात, दुसरे मांडीतून टावी (धमनीतून नळीने नवी झडप हृदयापर्यंत नेऊन बसवणं) करा म्हणतात. खर्चात चौपट फरक आहे आणि सासरे स्वतः म्हणतात, ‘मला काही होत नाही, उगाच हात लावू नका.’

मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये (धमनीतून नळी घालून हृदयाची तपासणी-उपचार करतात तिथे) टेक्निशियन आहे. टावीच्या केसला टेबलाशेजारी उभी असते, त्यामुळे आतून काय चालतं ते माहीत आहे. अमुकच करा असं मी सांगणार नाही. पण ‘चिरफाड नाही म्हणजे चांगलं’ एवढ्या एका मुद्द्यावर ठरवू नका. ठरतं ते वयावर, सीटी स्कॅनवर आणि झडपेशिवाय हृदयात अजून काय बिघडलंय त्यावर.

आधी ‘काही होत नाही’चं बघू. हे सासऱ्यांना विचारू नका, सासूबाईंना विचारा. दोन वर्षांपूर्वी काय काय करायचे आणि आता काय सोडलंय? या आजारात माणूस नकळत एकेक काम टाकत जातो. कोपऱ्यावर भाजी आणायलाही स्कूटर काढतो, दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राला खाली बोलावून घेतो. दम लागत नाही, कारण दम लागेल असं काही करतच नाही. धडधाकट ऑर्टिक झडप 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. ते 1 च्या खाली आलं की सिव्हिअर. रिपोर्टमध्ये ‘मीन ग्रेडियंट’ (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) 40 किंवा जास्त आणि रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटर किंवा जास्त दिसेल. दम लागणं, चालताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं यातलं एक जरी सुरू झालं आणि झडप बदलली नाही, तर बरेच रुग्ण दोन-तीन वर्षांत जातात. गोळीने झडपेवर साचलेलं कॅल्शियम विरघळत नाही. अर्जुनसालीच्या काढ्यानेही नाही, रोज कोणीतरी विचारतं म्हणून लिहिलं. इएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) 50 च्या खाली गेला असेल तर लक्षणं नसली तरी झडप बदलायलाच सांगतात. आणि खरंच काही लक्षण नसेल तर डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालवून खात्री करतात. घरी जिने चढायला लावून परीक्षा घेऊ नका.

आता शब्दांचा एक घोळ. जाहिरातीत ‘छोट्या छेदातून झडप बदल’ असं लिहिलेलं असतं ते दर वेळी टावी नसतं. छातीचं हाड अर्धंच कापून किंवा उजवीकडे फासळ्यांच्या मधून छोटी चीर देऊनही सर्जन झडप बदलतात. चीर लहान असते, पण हृदय थांबवावं लागतं आणि हार्ट-लंग मशीनही लागतं. टावीत हृदय धडधडतच असतं, बहुतेक ठिकाणी पूर्ण भूलही देत नाहीत. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं काय म्हणायचंय ते विचारून घ्या.

टावीची झडप बाटलीत, औषधी द्रावणात बुडवून येते. धातूच्या जाळीची नळी आणि तिच्या आत शिवलेल्या तीन पाकळ्या. पाकळ्या गाईच्या किंवा डुकराच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून केलेल्या असतात. सेपियन आणि मायव्हल या नावांच्या झडपा गाईच्या, इव्होल्यूट डुकराची. घरात कोणाला याचं वावडं असेल तर आधीच बोला, आयत्या वेळी टेबलावर नको. (ओपन ऑपरेशनमधल्या टिश्यू झडपाही अशाच असतात. कार्बन-धातूच्या मेकॅनिकल झडपेत हा प्रश्न नाही, पण तिला जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी आणि वारंवार आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती) तपासणी लागते.) बाटलीवरचा नंबर मोठ्याने वाचतात, मग झडप सलाइनच्या वाडग्यांतून एकामागून एक खळबळून धुतात. नंतर क्रिंपर नावाच्या यंत्रात दाबून ती बारीक नळीच्या टोकावरच्या फुग्यावर बसवायची, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीची होते. इथे सगळे एकदम गप्प होतात, कारण झडप फुग्यावर उलट्या तोंडाने बसली तर पुढे सगळंच उलटं. म्हणून एकाने बसवली की दुसऱ्याने बघायची आणि शेवटी डॉक्टरांनी स्वतः बघायची.

मग जांघेतल्या धमनीतून तार वर जाते आणि आखडलेल्या झडपेच्या फटीतून डाव्या कप्प्यात उतरते. तात्पुरत्या पेसिंग वायरने हृदयाचे ठोके मिनिटाला 180 च्या आसपास नेतात. तेवढे काही सेकंद हृदय नुसतं थरथरतं, बीपी 50-60 वर येतं, फुगा फुगतो, झडप उघडून जागेवर बसते, पेसिंग बंद. (इव्होल्यूट फुग्याशिवाय आपोआप उघडते, तिची रीत थोडी वेगळी.) मॉनिटरवर आधी डाव्या कप्प्यातला दाब महाधमनीतल्या दाबाच्या कितीतरी वर असतो. झडप बसली की दोन्ही रेषा एकमेकींवर येतात. सोप्या केसमध्ये रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतो आणि दोन-तीन दिवसांत घरी जातो. हे सगळं खरं आहे.

पण जुनी झडप आत तशीच राहते. सर्जन ती कापून बाहेर काढतो, टावीत ती कॅल्शियमसकट भिंतीशी चेपली जाते. टावीचे बरेचसे धोके यातूनच येतात. कॅल्शियम ओबडधोबड असेल तर नवी झडप नीट टेकत नाही आणि कडेने रक्त गळतं. हृदयाची विजेची तार झडपेच्या लगेच खालून जाते, तिच्यावर दाब आला तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. हे प्रमाण झडपेच्या प्रकारावर अवलंबून असतं, पण शंभरात पाच-दहा तरी धराच. एखादा कण सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात. शिवाय जांघेतली धमनी अरुंद किंवा वाकडी असेल तर तिथेच इजा.

म्हणून सीटी. इकोवर टावी ठरत नाही. सीटीत झडप जिथे बसते त्या कड्याचं माप मिळतं, झडप तीन पाकळ्यांची आहे की जन्मतः दोनच पाकळ्यांची ते कळतं, हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या किती उंचीवर निघतात आणि जांघेपर्यंतचा रस्ता कसा आहे तेही दिसतं. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देतात, तेव्हा आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. सीटी न करता जो कोणी तुम्हाला ‘टावी होऊन जाईल’ म्हणाला असेल त्याच्याकडे थोडं साशंकतेने बघा. अँजिओग्राफीत दोन-तीन मोठे ब्लॉक निघाले तर गणित ओपनकडे झुकतं, कारण बायपास आणि झडप एकाच वेळी होतात.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतली 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: 65 च्या आत सहसा ऑपरेशन, 80 च्या वर टावी, मधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. युरोपने टावीकडे झुकायची रेघ आधी 75 ला आणि 2025 मध्ये 70 ला ओढली. कारण सरळ आहे. टिश्यू झडप दहा-पंधरा वर्षांनी झिजते. पन्नाशीच्या माणसाला टावी केली तर पुढे दुसरी, कदाचित तिसरीही लागेल, आणि झडपेत झडप बसवत गेलं की जागा कमी होत जाते. 74 ला हा हिशेब वेगळा होतो.

अॅलन क्रिबिए यांनी फ्रान्समधल्या रुआँ इथे एप्रिल 2002 मध्ये पहिली टावी केली. रुग्ण 57 वर्षांचा, अत्यवस्थ, सर्जननी ऑपरेशनला नाही म्हटलेलं. झडप चालली, रुग्ण मात्र काही महिन्यांनी दुसऱ्याच गुंतागुंतींमुळे गेला. म्हणजे हे तंत्र सुरू झालं ते ज्यांना दुसरा मार्गच नव्हता त्यांच्यासाठी. 2010 च्या पार्टनर चाचणीत अशाच रुग्णांपैकी वर्षभरात नुसत्या औषधांवर शंभरातले 51 गेले, टावी केलेले 31. कमी जोखमीच्या रुग्णांत टावी ऑपरेशनच्या तोडीस तोड आहे हे 2019 मध्ये दिसलं. त्यातले रुग्ण सरासरी तुमच्या सासऱ्यांच्याच वयाचे होते. पहिल्या वर्षी टावी पुढे होती, पाचव्या वर्षापर्यंत दोन्हीतलं अंतर बरंच मिटलं. म्हणजे ओपन सांगणारे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत असा अर्थ काढू नका. दोघंही बरोबर असू शकतात.

पैशांचं सांगते. ढोबळमानाने ओपन 3 ते 6 लाख, टावी 15 ते 25 लाख, आणि त्यातला मोठा वाटा झडपेचाच. मायव्हल ही गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीची. देशी म्हणून दुय्यम समजू नका, 2024 मध्ये सेपियन आणि इव्होल्यूटशी तिची थेट तुलना झाली आणि ती मागे पडली नाही. सासरे सत्तरीच्या वर आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून कुठला उपचार त्यात बसतो ते विचारा. खासगी पॉलिसी असेल तर पूर्वमंजुरी लेखी घ्या आणि झडपेच्या किमतीवर वेगळी मर्यादा आहे का ते त्यात बघा. टावीसाठी घर गहाण टाकायची वेळ येत असेल आणि सर्जन ‘ऑपरेशनची जोखीम कमी आहे’ म्हणत असतील, तर ओपन करणं म्हणजे सासऱ्यांवर अन्याय नाही. हे माझं वैयक्तिक मत. घरात कोणी टोमणा मारला तर या उत्तरातला मार्गदर्शक तत्त्वांचा भाग दाखवा.

शक्य असेल तर कार्डिऑलॉजिस्ट आणि सर्जन दोघांना एकत्र भेटा. दोघं एकाच टेबलाशी बसून सीटी बघणार असतील तिथे जा, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी चालेल.

तोवर दोन गोष्टी. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची आपल्याकडे सवय आहे. या आजारात तिने बीपी धाडकन उतरू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि तारीख ठरायच्या आधी डेंटिस्टकडे नेऊन आणा. किडलेला दात, सुजलेली हिरडी यातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, आणि ते इन्फेक्शन झालं की झडप कुठल्या वाटेने बसवली याने काही फरक पडत नाही. झडप बसल्यावरही दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, हे डेंटिस्टला दर वेळी आपणहून सांगायचं.